सीलिॲक रोग व ग्लुटेनमुक्त आहार

गहू, जव (सातू) आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनसमूहामुळे, जनुकीय कल असलेल्या व्यक्तींच्या लहान आतड्यात उद्भवणारा व जन्मभर राहणारा स्वयंप्रतिरक्षाजन्य विकार. ग्लुटेन आहारातून संपूर्णपणे वगळणे एवढाच त्यावरचा मान्य उपचार आहे. बोलण्यात याला सर्रास ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणतात. पण गव्हाची खरी ॲलर्जी हा निराळा विकार असून तिच्यात प्रतिरक्षा यंत्रणेची निराळी शाखा काम करते आणि आतड्याची अशी झीज होत नाही.

विकाराचे स्वरूप : गव्हातील ग्लायडीन प्रथिनांत प्रोलीन व ग्लुटामीन या ॲमिनो अम्लांचे प्रमाण इतके जास्त असते की पाचक विकरांना (एन्झाइमांना) त्यांचे पूर्ण विघटन करता येत नाही. असा न पचणारा, ३३ ॲमिनो अम्लांचा एक तुकडा २००२ साली ओळखला गेला. आतड्याच्या भित्तीतील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर अशा तुकड्यांत रासायनिक बदल घडवते. बदललेले तुकडे पेशींवरील एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या रेणूंना घट्ट चिकटतात व प्रतिरक्षा यंत्रणेतील टी-लसीकापेशी उत्तेजित होतात. त्यातून होणाऱ्या दाहामुळे अन्नरस शोषणारे रसांकुर झिजून आतड्याचे अस्तर सपाट होते. हे रेणू घडवणारी जनुके लोकसंख्येतील साधारण ३० ते ४० टक्के लोकांत असतात, पण रोग त्यांतील थोड्यांनाच होतो. म्हणून जनुकचाचणी नकारात्मक आली तर रोग जवळजवळ नाकारता येतो, मात्र ती सकारात्मक आल्याने काही सिद्ध होत नाही.

लहान मुलांत जुनाट अतिसार, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ ही परिचित लक्षणे दिसतात. प्रौढांत पोटाची तक्रार नसतानाही रोग असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनी न सुधारणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे, लांबलेले वयात येणे, वंध्यत्व, कोपर-गुडघ्यांवर उठणारे खाजरे फोड अशी त्याची अनेक रूपे आहेत. पहिल्या प्रकारचा मधुमेह व अवटु (थायरॉइड) ग्रंथीचे स्वयंप्रतिरक्षा विकार यांच्याशी त्याचे साहचर्य आढळते.

इतिहास : कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य ॲरेटीअस याने न पचलेले अन्न पडणाऱ्या एका जुनाट अतिसाराचे वर्णन केले असून रोगाचे नाव त्याच्या ग्रंथातील शब्दावरूनच आले. ॲरेटीअसचा काळ जुने संदर्भग्रंथ इसवी सनाचे दुसरे शतक असा देतात. अलीकडचे अभ्यासक पहिल्या शतकाकडे झुकतात. तथापि त्याने हा रोग वृद्धांचा व विशेषतः स्त्रियांचा म्हटला आहे. त्याच्या रुग्णांना आजच्या अर्थाने सीलिॲक रोगच होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याहून भरीव पुरावा इटलीतील कोसा या प्राचीन रोमन वसाहतीत सापडला. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील एका तरुणीच्या सांगाड्यावर खुंटलेली उंची व कुपोषणाच्या खुणा होत्या, आणि पुढे तिच्या अस्थींतून डीक्यू२ चे जनुकही मिळाले. अर्थात आतडे उरलेले नसल्यामुळे हेही निदान संभाव्यच म्हणावे लागते. आयुर्वेदातील ग्रहणी (चरकसंहिता, चिकित्सास्थान, अध्याय १५) म्हणजेच हा रोग, असे विधान अधूनमधून वाचायला मिळते. ग्रहणीची कल्पना अग्निमांद्याभोवती रचलेली असून तिच्यात अनेक विकार सामावतात. दोन्ही एकच मानण्यास आधार दिसत नाही.

आधुनिक वर्णनाचा मान सॅम्युएल गी यांना दिला जातो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात १८८७ साली दिलेल्या व्याख्यानात त्यांनी रोगाचे बालरूप नेमके मांडले आणि रुग्ण बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, असे सांगितले. दिशा बरोबर होती, पथ्य मात्र उलटे. गींनी तांदूळ व साबुदाणा निषिद्ध ठरवले आणि दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पातळ पावाला परवानगी दिली. एका मुलाला रोज डच शिंपल्या खाऊ घातल्यावर तो सुधारला व शिंपल्यांचा हंगाम सरताच पुन्हा खालावला, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. गंमत अशी, की त्यांच्याआधी १८१४ मध्ये मॅथ्यू बेली यांनी जुनाट अतिसाराच्या काही रुग्णांना जवळजवळ केवळ भातावर राहून फायदा झाल्याचे नोंदवले होते. ते कोणी मनावर घेतले नाही. दोष पिष्टमय पदार्थांचाच, हा समज पुढे अर्धशतकाहून अधिक टिकला. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला आणि मुले खरोखर सुधारली. त्या आहारात पाव, बिस्किटे, बटाटे व सर्व धान्ये बंद होती. गुण केळ्यांचा नव्हता, गहू बंद झाल्याचा होता. पण हास यांनी आपला सिद्धांत पुढेही सोडला नाही.

गव्हाचा दोष दाखवणारे विलेम कारेल डिके (१९०५–१९६२) हे द हेग येथील युलियाना बालरुग्णालयाचे डॉक्टर. त्यांना हे कसे सुचले याविषयी दोन मते आहेत. लोकप्रिय मतानुसार १९४४–४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद व साखरबीट खाऊ लागले. या काळात सीलिॲकची मुले सुधारली आणि विमानांतून मदतीचा पाव आल्यावर पुन्हा आजारी पडली. ही हकिकत बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे. दुसऱ्या मतानुसार डिके गहूविरहित आहाराचे प्रयोग १९३० नंतरच्या दशकातच करीत होते. मुलाचा पाव बंद केला की त्याचे पुरळ जाते, असे एका आईने त्यांना सांगितल्याची आठवणही नोंदली गेली आहे. मात्र ती ऐकीव स्वरूपाची आहे. निर्णायक बाब अशी, की डिके यांनी गहू वगळलेल्या आहारावरील लेख डच वैद्यकीय नियतकालिकात १९४१ सालीच, म्हणजे दुष्काळाच्या तीन वर्षे आधी प्रसिद्ध केला होता. त्यामुळे कल्पना आधीची आणि दुष्काळाने तिला बळकटी दिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

डिके यांचा प्रबंध उत्रेख्त विद्यापीठाने १९५० मध्ये स्वीकारला. त्यांचे डच सहकारी व्हान डे कामर यांनी विष्ठेतील मेद मोजण्याची पद्धत तयार केली होती. तिच्यामुळे कोणते धान्य बाधते हे आकड्यांत दाखवता आले. १९५२ साली बर्मिंगहॅम येथे शार्लट अँडरसन व सहकाऱ्यांनी गव्हाचे स्टार्च निरुपद्रवी आणि ग्लुटेन घातक असल्याचे सिद्ध केले. आतड्यातील झीज ब्रिटिश डॉक्टर पॉली यांनी १९५४ मध्ये शस्त्रक्रियेत मिळालेल्या नमुन्यांत पाहिली. तोंडावाटे आतड्याचा तुकडा काढण्याचे साधन त्यानंतर दोन-तीन वर्षांत आले. ट्रान्सग्लुटामिनेज हेच प्रतिपिंडांचे लक्ष्य असल्याचा शोध १९९७ चा. अशा रीतीने उपचार आधी सापडला आणि कारणमीमांसा जवळपास अर्ध्या शतकाने पूर्ण झाली.

भारतातील स्थिती : हा गोऱ्या लोकांचा रोग, अशी समजूत दीर्घकाळ होती. उत्तर भारतीय मुलांतील रुग्णांचे वृत्त १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले, तरी समजूत लगेच गेली नाही. दिल्ली परिसरातील २०११ च्या लोकसर्वेक्षणात सुमारे १ टक्का प्रमाण आढळले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उत्तरेत १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के असे आकडे आले. रोगाला पोषक जनुके तिन्ही भागांत होती. गव्हाचे रोजचे सेवन मात्र उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, तर ईशान्येत ३७ व दक्षिणेत २५ ग्रॅम होते. तरीही ईशान्य व दक्षिण यांतील तफावत केवळ गव्हाने उलगडत नाही. पश्चिम भारत या पाहणीत नव्हता.

निदान : रक्तातील ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) प्रतिपिंडे आणि एकूण आयजीए ही पहिली चाचणी. त्यानंतर दुर्बिणीने आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील तुकडे काढून तपासतात. मुलांत प्रतिपिंडे कमाल मर्यादेच्या दहापट वा अधिक असतील व दुसऱ्या नमुन्यातील एंडोमायसियल प्रतिपिंडांनी दुजोरा मिळाला, तर युरोपीय बालरोगतज्ज्ञ तुकडा काढणे टाळण्यास मान्यता देतात. तपासणीपूर्वीच गहू सोडणे ही नेहमीची चूक होय. त्याने प्रतिपिंडे उतरतात, आतडे भरून येऊ लागते आणि निदान अडते.

आहार : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, मका, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी, भाज्या, दूध, अंडी, मासे, मांस यांत ग्लुटेन नाही. या दृष्टीने महाराष्ट्र व गोव्यातील रुग्णाची स्थिती पंजाबातील रुग्णापेक्षा सोपी आहे. सोलापूर-मराठवाड्याची ज्वारीची भाकरी, कोकणातील तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक हे पदार्थ मुळातच चालतात. उपवासाचा जवळजवळ सगळा फराळ चालतो. फक्त साबुदाण्यावर भर दिल्यास पिष्टापलीकडे फारसे काही मिळत नाही. पोळी, पुरणपोळी, शेवया, रव्याचा शिरा, पाव व गोव्यातील पोई वर्ज्य. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराही त्यात आला, आणि ‘प्रसाद आहे, थोडा घ्या’ हा आग्रह रुग्णाला परतवावाच लागतो.

खरी अडचण उघड गव्हाची नसून लपलेल्या गव्हाची आहे. बाजारातील बांधानी हिंगात शुद्ध हिंग थोडा व भर म्हणून पुष्कळदा मैदा असतो. म्हणजे फोडणी, लोणचे, पापड व मसाले सगळेच संशयित ठरतात. तांदळाच्या पिठातील हिंग मिळतो, तो वेष्टनावर पाहून घ्यावा. मेतकूट व थालीपीठाची भाजणी यांत गहू घालण्याची रीत आहे. गव्हाचा चीक काढून केलेल्या कुरडया स्टार्चच्या असल्या तरी त्यांत प्रथिनांचा अंश उरतो. सोया सॉस आणि जवाचे माल्ट घातलेली पेये व कॉर्नफ्लेक्स यांकडेही लक्ष ठेवावे लागते. खपली गहू ग्लुटेनमुक्त असल्याचा प्रचार अलीकडे जोरात आहे. तो चुकीचा आहे. खपली हा गहूच असून त्यात ग्लुटेन असते, आणि या रोगात तो साध्या गव्हाइतकाच निषिद्ध.

दुसरा प्रश्न गिरणीचा. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की पिठात गहू येतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास आतड्याची झीज होते, असे २००७ च्या इटालियन अभ्यासात आढळले. साधारण अर्धा ग्रॅम कणकेत एवढे ग्लुटेन असते. गिरणीवाल्याने आधी दुसऱ्या कोणाचे तांदूळ दळून घेतले तरी खात्री देता येत नाही, म्हणून परवडणारी कुटुंबे घरघंटी घेतात व ती गव्हाला लावत नाहीत. पोळपाट, परात, तवा वेगळे ठेवणे आणि समोसे तळलेल्या तेलात भजी न तळणे हे त्याच तर्काने येते. ओट्समध्ये मुळात वेगळे प्रथिन असते व बहुसंख्य रुग्णांना ते सोसते, परंतु गव्हाची भेसळ नसलेलेच ओट्स, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घ्यावेत.

‘ग्लुटेनमुक्त’ छापण्यासाठी किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने २००८ मध्ये ठरवली. भारतीय अन्नसुरक्षा नियमांतही तीच आहे. कॅथलिक धर्मविधीतील होस्ती (प्रसादाची पातळ भाकर) गव्हाचीच हवी आणि पूर्णतः ग्लुटेनविरहित होस्ती अग्राह्य, हे व्हॅटिकनने २०१७ च्या पत्रात पुन्हा स्पष्ट केले. अत्यल्प ग्लुटेनची होस्ती मात्र चालते, आणि तीही न सोसणाऱ्याला केवळ द्राक्षारस घेण्याची मुभा आहे.

पाठपुरावा : लक्षणे काही आठवड्यांत ओसरू लागतात, आतडे मात्र सावकाश भरते. एका अमेरिकन पाहणीत प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांशांचेच अस्तर दोन वर्षांत पूर्ववत झाले होते. पाच वर्षांनी हे प्रमाण दोन तृतीयांश झाले. मुले लवकर सुधारतात. सुरुवातीला दूध सोसत नाही, ते बहुधा तात्पुरते असते. लोह, जीवनसत्त्वे व हाडांची घनता तपासावी लागते. तयार ग्लुटेनमुक्त बिस्किटांत तंतू कमी व मेद अधिक असल्याने काहींचे वजन वाढते. आई-वडील, भावंडे व मुले यांचीही रक्तचाचणी करावी, कारण त्यांच्यात रोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा कित्येक पट जास्त आढळते. ट्रान्सग्लुटामिनेज रोखणाऱ्या एका औषधाच्या चाचणीचे आशादायक निष्कर्ष २०२१ मध्ये आले. लाराझोटाइड या दुसऱ्या औषधाची अंतिम टप्प्यातील चाचणी २०२२ मध्ये थांबवण्यात आली.