कोविडच्या ॲडमिट पेशंटचे रक्ताचे रिपोर्ट: घरच्यांसाठी माहिती

घरातलं माणूस कोविडने ॲडमिट झालं की दोन-तीन दिवसांत रिपोर्टांचा गठ्ठा जमतो. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच, आयएल-६. बहुतेक आकडे ठळक छापलेले, पुढे वर जाणारा बाण. मग कोणीतरी तो गठ्ठा घेऊन आमच्या लॅबच्या काउंटरवर येतं आणि विचारतं, "यावरून काय वाटतं? धोका आहे का?" २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हा प्रश्न आम्ही रात्री-अपरात्रीही ऐकला. आज लाट नाही, पण वयस्कर, डायलिसिसवर असलेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले पेशंट कोविडने अजूनही भरती होतात आणि त्यांच्या घरच्यांचा जीव तसाच टांगणीला लागतो.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. या तपासण्या उपयोगाच्या आहेत. कोणावर जास्त लक्ष ठेवायचं, कोणतं औषध कधी सुरू करायचं, हे ठरवायला डॉक्टरांना त्या लागतात. पण एकटा आकडा बघून तुमच्या माणसाचं पुढे काय होणार हे कोणालाही सांगता येत नाही. तसं कोणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आकडा वाढतो तेव्हा शरीरात काय चाललेलं असतं

सीआरपी हे लिव्हरमध्ये तयार होणारं प्रथिन. शरीरात जोराची सूज किंवा इन्फेक्शन असलं की पेशींमधून आयएल-६ नावाचा घटक रक्तात येतो, आणि त्याच्यामुळे लिव्हर सीआरपी बनवू लागतं. निरोगी माणसात तो साधारण ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत असतो, काही लॅब १० ची मर्यादा धरतात. फुप्फुसाला जास्त बाधा झालेल्या कोविड पेशंटमध्ये तो १०० च्या वर जाऊ शकतो. नवा सीआरपी बनायचा थांबला की रक्तातला आकडा साधारण १९ तासांत निम्मा होतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चालला आहे हे पाहणं जास्त कामाचं.

डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे. कोविडमध्ये फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यामुळे हा वाढतो. तो एवढा चर्चेत आला तो वुहानमधल्या दोन हॉस्पिटलांच्या अभ्यासामुळे. मार्च २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. त्यातल्या १९१ पेशंटपैकी ५४ दगावले होते, आणि भरती होताना ज्यांचा डी-डायमर १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. मात्र त्याच अभ्यासात वाढलेलं वय आणि अवयवांवर आलेला ताण हेही तितक्याच ठळकपणे दिसले होते. लोकांच्या लक्षात डी-डायमर राहिला, वय मागे पडलं. शिवाय वाढत्या वयात, गरोदरपणात, ऑपरेशननंतर आणि कॅन्सरमध्ये डी-डायमर कोविडशिवायही वाढलेला असतो.

एलडीएच शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत असतं आणि पेशी फुटली की रक्तात येतं. फेरिटिन लोह साठवतं, पण सूज असली की तेही वाढतं. लिव्हरचा आजार असेल किंवा डायलिसिसच्या पेशंटला लोहाची इंजेक्शनं चालू असतील तर ते आधीपासूनच जास्त असू शकतं. प्रोकॅल्सिटोनिन ही आणखी एक रक्ताची तपासणी, तिचा आकडा नुसत्या कोविडमध्ये सहसा फार वाढत नाही. वाढलं तर वर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं आहे का, हे डॉक्टर तपासतात.

सगळ्यात स्वस्त तपासणी मात्र साधी सीबीसी. गंभीर पेशंटमध्ये पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट कमी होतात आणि न्यूट्रोफिल वाढतात. महागड्या आयएल-६ च्या आधी या दोन ओळी नीट पाहाव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग अंदाज कशावरून बांधतात?

ब्रिटनमध्ये २०२० साली भरती झालेल्या हजारो पेशंटच्या नोंदींवरून एक गुणपद्धत तयार झाली. तिला 'फोर-सी' स्कोअर म्हणतात. ३५ हजारांवर पेशंटवरून ती बांधली आणि वेगळ्या २२ हजारांवर पेशंटवर तपासून पाहिली. त्यात आठ गोष्टी मोजतात: वय, स्त्री की पुरुष, आधीचे आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, पेशंट कितपत शुद्धीवर आहे, युरिया (किडनीची तपासणी) आणि सीआरपी. एकूण गुण २१. आठांपैकी रक्ताच्या तपासण्या दोनच आहेत, आणि दोन्ही कुठल्याही तालुक्याच्या गावात होतात. डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६ त्यात नाहीत.

गुण कसे वाटले आहेत तेही पाहण्यासारखं आहे. सीआरपी १०० असो की ३०० असो, त्याचे जास्तीत जास्त २ गुण. वय ८० किंवा त्याहून जास्त असेल तर त्याचेच ७. स्कोअर तपासून पाहिलेल्या त्या २२ हजारांच्या गटात ३ किंवा कमी गुण असलेल्यांपैकी सुमारे १ टक्का दगावले, तर १५ किंवा जास्त गुण असलेल्यांपैकी ६२ टक्के. म्हणजे सगळ्यात वरच्या गटातही शंभरातले ३८ जण वाचले, आणि तुमचा माणूस कुठल्या बाजूला जाईल हे स्कोअर सांगत नाही. पावसाचा अंदाज जिल्ह्याचा असतो, आपल्या शेताचा नसतो, तसंच हे. आणि ही टक्केवारी लस येण्याआधीची आहे. लस घेतलेल्या आजच्या पेशंटला ती जशीच्या तशी लावू नये.

उलट उदाहरणही आहे. वुहानच्याच एका मोठ्या हॉस्पिटलमधून २०२० मध्ये एक पद्धत आली: फक्त एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी, आणि मृत्यूचा अंदाज दहा दिवस आधी ९० टक्क्यांवर अचूक. नंतर दुसऱ्या देशांतल्या हॉस्पिटलांनी आपल्या पेशंटवर ती लावून पाहिली तेव्हा ती तेवढी चालली नाही. ती बांधताना पेशंटचं शेवटचं सॅम्पल धरलं होतं, आणि शेवटाजवळ फरक कोणालाही दिसतो. भरतीच्या पहिल्या दिवशी तोच फरक ओळखणं फार अवघड. त्या काळात अशा शेकडो पद्धती निघाल्या, आणि बहुतेक कच्च्या पायावर उभ्या असल्याचं तज्ज्ञांनी तपासून सांगितलं. कुठलं ॲप तीन आकडे टाकून टक्केवारी देत असेल तर हे लक्षात ठेवा.

आकड्याच्या बाजूचं एकक आधी पाहा

घाबरण्याचं कारण पुष्कळदा इथेच असतं. समजा सोमवारी एका लॅबचा सीआरपी १२ आला आणि बुधवारी दुसरीकडचा ९६. घरच्यांना वाटतं आठपट वाढला. प्रत्यक्षात पहिला रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, म्हणजे १२०, आणि दुसरा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. सीआरपी उतरला आहे!

डी-डायमरमध्ये घोळ याहून मोठा. ०.८ मायक्रोग्रॅम आणि ८०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हे एकच. शिवाय मोजायच्या दोन रीती आहेत, रिपोर्टवर त्या एफईयू किंवा डीडीयू अशा लिहिलेल्या असतात. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो. म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासण्या करत राहा. ती लॅब आमचीच असावी असं नाही. जिथे सुरुवात केली तिथेच पुढे करा.

सॅम्पलचंही तेच. डी-डायमरची बाटली निळ्या झाकणाची. तिच्यात आधीच थोडं सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, असतं, आणि त्याच्या नऊपट रक्त, बाटलीवरच्या खुणेपर्यंत, भरावं लागतं. रक्त कमी पडलं तर निकाल चुकतो, म्हणून आमचा माणूस पुन्हा सुई मागतो. सलाईन चालू असलेल्या हातातून घेतलेलं रक्त पातळ होतं. ओढाताण करून काढलेल्या रक्तात तांबड्या पेशी फुटतात आणि एलडीएच खोटंच वाढलेलं दिसतं. असं सॅम्पल आम्ही परत पाठवतो. पेशंटला पुन्हा टोचायचं म्हणजे घरच्यांना राग येतो, तो आम्ही समजू शकतो. पण चुकीच्या आकड्यावर औषध बदलण्यापेक्षा एक सुई जास्त बरी.

औषध आणि आकडा

काही ठिकाणी आकड्याचा थेट उपयोग होतो. ब्रिटनमध्ये कोविडच्या औषधांची 'रिकव्हरी' नावाची मोठी चाचणी झाली, तिच्यात टोसिलिझुमॅब हे औषध कोणाला द्यायचं हे ठरवताना ऑक्सिजन ९२ च्या खाली किंवा बाहेरून ऑक्सिजन चालू, आणि सीआरपी किमान ७५, अशा दोन्ही अटी होत्या. सीआरपीची तीच मर्यादा २०२१ मध्ये आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शनातही होती. हे औषध आयएल-६ चा मार्ग अडवतं, त्यामुळे त्यानंतर सीआरपी झपाट्याने खाली येतो. तो खाली आला म्हणजे पेशंट सुधारलाच असं नाही, आणि नवं इन्फेक्शन झालं तरी तो वाढेलच असंही नाही. रक्तातला आयएल-६ मात्र या औषधानंतर उलट वाढलेला दिसतो. तो पाहून हाय खाऊ नका. स्टेरॉइडनेही सीआरपी उतरतो आणि न्यूट्रोफिल वाढतात.

स्टेरॉइडबद्दल मनापासून सांगायचं आहे. त्याच 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ऑक्सिजनवर आणि व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू कमी झाले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. तरी दुसऱ्या लाटेत केवळ सीआरपी वाढला म्हणून घरी बसून या गोळ्या घेतलेली माणसं आम्ही पाहिली. नंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) पसरला, त्यात अनेकांची साखर वाढलेली होती आणि अनेकांनी स्टेरॉइड घेतलं होतं. स्टेरॉइड चालू असेल तर साखर रोज तपासा. आमच्या यादीतल्या कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा ती गरजेची.

काय करावं, काय टाळावं

घरीच असलेल्या साध्या कोविड पेशंटला डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६ यांची गरज नसते. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर आम्ही या तपासण्या करत नाही. पल्स ऑक्सिमीटर वापरा. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा दम लागू लागला तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठा. घरी सोडल्यावरही डी-डायमर काही आठवडे थोडा वाढलेला राहू शकतो. पण छातीत दुखणं, अचानक दम लागणं, एकाच पायाला सूज ही लक्षणं असतील तर आकडा चांगला असला तरी डॉक्टरांना दाखवा.

सॅम्पल देताना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का ते सांगा. कोविडनंतर केस गळतात म्हणून पुष्कळ जण बायोटिन घेतात, तेही सांगा. काही मशीनवर या व्हिटॅमिनने फेरिटिन, ट्रोपोनिन (हृदयाची तपासणी) यांसारखे निकाल चुकतात. आधीच्या लॅबचे रिपोर्ट फोटोत आणताना एकक आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा फोटो काढा.

रिपोर्टमध्ये तातडीचं काही आढळलं तर छापील प्रत निघायची वाट न पाहता आम्ही आधी वॉर्डात डॉक्टरांना फोन करतो, तुम्हाला त्यानंतर. बाकी कुठलाही रिपोर्ट समजून घ्यायचा असेल तर काउंटरवर सांगा. आमचे पॅथॉलॉजिस्ट संध्याकाळी बसतात आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.