घरच्या गच्चीवर वाईनची बैठक: ताट, ग्लास आणि बर्फ मागवणाऱ्यांसाठी

एप्रिल लागला की फोन सुरू होतात. "आठ-दहा मित्र येणार आहेत, बाटल्या आणून ठेवल्यात, तुमचं ताट आणि ग्लास तेवढे पाठवा, बाकी काही नको." घोळ होतो तो नेमका त्या 'बाकी'मध्येच. म्हणून दर सांगण्याआधी हा कागद हातात देतो.

आधी एक स्पष्ट करतो. आम्ही वाईन विकत नाही. आमच्याकडून खाण्याचं ताट, भाड्याने ग्लास, बर्फाचा टब आणि हवा असेल तर वाढायला एक माणूस मिळतो. बाटल्या तुम्ही परवानाधारक दुकानातून बिलासह घ्यायच्या. 21 वर्षांखालच्या कुणालाही वाईन द्यायची नाही. पाहुण्यांकडून तिकीट लावून पैसे घेतलेत तर ती घरगुती बैठक राहत नाही, उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. अशा ठिकाणी परवाना दाखवल्याशिवाय आम्ही माणूस पाठवत नाही.

बाटली किती गार?

लोक विचारतात, कोणती बाटली आणू? आम्ही विचारतो, ती ठेवणार कुठे? सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. माळ्यावर महिनाभर उभी राहिलेली बाटली कितीही महागाची असो, उघडल्यावर उकडलेल्या मनुक्यांसारखी लागते. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली तरी तोच प्रकार.

'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची' हे वाक्य ज्या घरांसाठी आहे तिथली खोली 16 ते 18 अंशांची असते. आपली खोली मे महिन्यात पस्तिशीला असते. आमची स्वतःची पहिली बैठक विश्रामबागेत एका गच्चीवर होती. संध्याकाळी सहाला टेबल मांडलं, फरशीतून अजून वाफ येत होती, आणि रेड आम्ही ऐटीत टेबलावर उघडून ठेवली. साडेसातला पहिला घोट घेणारे गृहस्थ म्हणाले, "काढा चांगला झालाय." तेव्हापासून रेडही टबात जाते.

स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, 6 ते 8 अंश, व्हाइट 8 ते 12, रोझे, म्हणजे गुलाबी, साधारण 10 ते 12, रेड 15 ते 18. थर्मामीटर कुणाकडे नसतो, म्हणून मिनिटांत सांगतो. टबात नुसता बर्फ टाकला तर बाटलीला चार ठिकाणी खडे टेकतात आणि मधे हवा राहते. बर्फात तेवढंच पाणी घाला, वर दोन मुठी जाडं मीठ. व्हाइट अर्ध्या तासात तयार होते, रेडला पंधरा मिनिटं पुरतात. घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेली व्हाइट जरा जास्तच गार असते, वास दबतो. ती दहा मिनिटं आधी बाहेर काढा. आठ जणांना, पाच बाटल्यांना दहा किलो बर्फ धरा. टबात आम्ही कारखान्यातली लादी फोडून घालतो. तो बर्फ खायचा नाही, पाहुण्यांच्या सरबतात तर मुळीच घालायचा नाही.

किती ओतायची

बाटली 750 मिलिलिटरची. चाखायला एका वेळी 50 ते 60 मिलि पुरे, म्हणजे एका बाटलीत बारा ते पंधरा जणांचं भागतं. आठ जणांना पाच प्रकार असतील तर प्रत्येक प्रकाराची एकच बाटली आणा. ग्लास मात्र मोठा घ्या, तळाशी एवढीशी वाईन. फिरवली की वास वर येतो. एक रिकामं भांडं टेबलावर ठेवा, न आवडलेली त्यात ओतता येते. आपल्याकडे लोक संकोचाने संपवतात आणि चौथ्या ग्लासापर्यंत चव कळेनाशी होते.

क्रम असा: स्पार्कलिंग, मग व्हाइट, रोझे, रेड, शेवटी गोड. उलटं केलंत तर रेडनंतर व्हाइट पाण्यासारखी लागते.

आणि हो, मोगरा. उन्हाळ्यात गजरे येणारच, पण टेबलापाशी मोगऱ्याची परडी ठेवलीत तर शेनिन ब्लाँ या व्हाइट वाईनचा वास शोधूनही सापडत नाही. उदबत्ती आणि डासांचं मलम यांचंही तेच. नदीकाठच्या गावात डास टळत नाहीत, तेव्हा पंखा मोठा लावा.

ताटात काय

तिखटाचं आधी बोलू, कारण ते आपल्या जिव्हाळ्याचं. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो, आणि रेडमधलं टॅनिन, म्हणजे जिभेला जाणवणारा तुरटपणा, तो आणखी टोचरा करतं. तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्नेसारखी तुरट रेड घेऊन पाहा, दोन्ही बिघडतात. तिखटाला किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ लागते.

सांगलीचं भडंग ताटात हवंच, लोक रागावतात नाहीतर. कुरकुरीत, खारट, तेलाचा हलका हात, त्यावर स्पार्कलिंगचे बुडबुडे हे फार जमतं. फक्त आम्ही ताटातल्या भडंगात लसूण निम्मा घालतो. एकदा नेहमीचंच पाठवलं होतं. पहिल्या दहा मिनिटांत वाटी रिकामी, आणि पुढच्या चारही वाईन सगळ्यांना लसणाच्याच लागल्या. कच्चा कांदा आणि ठेचा याच कारणाने आम्ही शेवटच्या जेवणात देतो, चाखताना नाही.

चैत्रातली आंबाडाळ हे आमचं आवडतं. वाईन खाण्याइतकी तरी आंबट असावी लागते, नाहीतर ती मिळमिळीत होते. कैरीपुढे टिकते ती सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाइट. तिच्यात कोवळ्या गवताचा, हिरव्या मिरचीच्या सालीचा वास असतो, तो कोथिंबिरीशीही जुळतो. म्हणून कोथिंबीर वडीही तिच्याचबरोबर. लोणचं मात्र कशाबरोबरच जात नाही.

रेडसाठी मटणच हवं असं नाही. कृष्णाकाठची वांगी निखाऱ्यावर भाजून केलेलं भरीत, मिरची बेताची, वर दाण्याचं कूट, सोबत शिराझ. भाजल्याचा धुरकट वास आणि शिराझमधली काळ्या मिऱ्याची झाक एकमेकांना ओळखतात. मटण सुकं करणार असाल तर तिखट निम्मं आणि मिरे जास्त. शुद्ध शाकाहारी पाहुणे असतील तर आणखी एक: काही वाईन अंड्याच्या पांढऱ्या भागाने किंवा माशापासून केलेल्या पदार्थाने निवळतात. बाटलीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही, दुकानात विचारून घ्या.

हापूसबरोबर कोरडी रेड देऊ नका. वाईन पदार्थाहून गोड नसली की ती आंबट आणि कडवट वाटते. आंबा किंवा श्रीखंड ठेवायचं तर लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड वाईन आणा, फार लहान ग्लासात.

तासगावचा बेदाणा सगळ्या ताटांत असतो. त्यावरून हमखास प्रश्न येतो, आपल्याच द्राक्षांची वाईन का नाही? थॉमसन, सोनाका ही खायची द्राक्षं: मोठी, रसाळ, पातळ सालीची, बिनबियांची. वाईनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं आणि बियांचं असतं. रेडचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बिया दोन्हींतून. 2001 च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिककडे विंचूरला आणि इथे पलूसला वाईन पार्क निघाले. नाशिक पुढे गेलं. आपला बागाईतदार बेदाणा आणि खाण्याच्या द्राक्षातच राहिला. आम्हाला त्यात गैर वाटत नाही, पण जमल्यास एक बाटली जिल्ह्यातली शोधा. पाहुण्यांना बोलायला विषय मिळतो.

जाताना

रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गाडी चालवणं गुन्हा आहे. पाच चाखण्यांनंतर ही मर्यादा दूर नसते. एक न पिणारा आधीच ठरवा, नाहीतर रिक्षा सांगून ठेवा. पाण्याचा तांब्या दर दोघांत एक हवाच.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, रेडसुद्धा. दोन-तीन दिवस चांगली राहते. स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशी संपवा.

ताटासाठी दोन दिवस आधी सांगा; आंबाडाळीची डाळ भिजवावी लागते. ग्लास सायंकाळी पाचला पोहोचतात, दुसऱ्या दिवशी अकराला नेतो. फुटलेल्या ग्लासचे पैसे लागतात, पहिला ग्लास मात्र आमच्याकडून माफ. आणि ग्लास धुवून परत देऊ नका. भांड्याच्या साबणाचा वास काचेला धरून बसतो, आम्हाला ते गरम पाण्याने पुन्हा दोनदा धुवावे लागतात.