कागदी तोंडाच्या माशासाठी सरकती काठी

क्रॅपी गळाला लागून निसटतो तेव्हा बहुतेक वेळा दोरा शाबूत असतो आणि गळही सरळ झालेला नसतो. फाटलेलं असतं ते माशाचं तोंड. जबड्याच्या कडेचा पडदा इतका पातळ, की उजेडासमोर धरला तर आरपार दिसावं. अमेरिकेत या माशाला ‘पेपरमाउथ’, कागदी तोंडाचा, असंच म्हणतात. काठी निवडण्यापासून मासा हातात घेईपर्यंतची प्रत्येक गोष्ट या पडद्याला सांभाळून करायची असते.

क्रॅपी उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला मासा. जाती दोन, काळी आणि पांढरी. पाठीवरच्या पराचे कठीण काटे मोजले की ओळख पटते: काळ्याला सात-आठ, पांढऱ्याला पाच-सहा. वजन सहसा २०० ते ४०० ग्रॅम. (१९५७ साली मिसिसिपीतल्या एनिड धरणाजवळ सापडलेला पांढरा क्रॅपी २.३५ किलोचा होता, पण तो अपवादच.) वसंतात पाणी १६ ते २० अंश सेल्सिअसवर आलं की हे मासे अंडी घालायला उथळ पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या आसऱ्याला येतात. टेनेसीतलं रीलफूट सरोवर १८११-१२ च्या न्यू मॅड्रिड भूकंपांत जमीन खचून तयार झालं आणि तिथे सायप्रसचे बुंधे पाण्यात उभे आहेत. अशा जागी रिळाच्या काठीने लांबून फेकलेला गळ मुळांत अडकतो. लांब काठीने तो बुंध्याच्या कडेला वरून सरळ खाली सोडता येतो, त्यामुळे रिळाची गरजच पडत नाही.

सुरुवातीला साडेतीन ते चार मीटरची फायबरग्लासची, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची काठी घ्यावी. कार्बनची काठी हलकी असते, पण ती वीजवाहक आहे. विजेच्या तारांखाली ती उघडूच नये. ओल्या फायबरग्लासवरही तिथे भरवसा ठेवू नये आणि ढग गडगडायला लागले की कुठलीही काठी मिटून ठेवावी.

उघडताना टोकाच्या बारीक नळीपासून सुरुवात करायची, मिटताना मुठीजवळच्या जाड नळीपासून. हात सांध्याच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना. नळ्या किंचित निमुळत्या असतात आणि एकमेकींत पाचरीसारख्या बसतात. हलक्या ओढीला थोडा पीळ दिला की एवढी पकड पुरते. झटका मारून उघडली तर पाचर घट्ट ठोकली जाते आणि संध्याकाळी काठी मिटत नाही.

दोरा चार ते सहा पौंडी, म्हणजे साधारण पावणेदोन ते पावणेतीन किलो ओढ सोसणारा. लांबी काठीपेक्षा ३० सेंमी कमी. काठी उभी केली की मासा आपोआप छातीजवळ येतो. दोरा लांब ठेवला तर मासा हाताबाहेर लोंबकळतो, हाताने दोरा ओढून घ्यावा लागतो, आणि काठीचा लवचीकपणा कामी न आल्याने पडदा फाटतो. बुंध्यांच्या दाटीत मात्र दीड-दोन मीटर दोराच बरा. टोकाच्या कडीतून दोरा ओवून, काठीला सैल वेढे देत मुठीपर्यंत आणून तिथे बांधला तर टोक मोडलं तरी मासा जात नाही.

गळ बारीक तारेचा, लांब दांड्याचा, ४ नंबरचा. अडकला तर दोरा सावकाश ओढावा. तार वाकते, गळ सुटतो, पकडीने पुन्हा वळवता येतो. गाठ मारताना दोरा गळाच्या डोळ्यातून घेऊन स्वतःभोवती पाच वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत काढायचं आणि थुंकीने ओलं करून आवळायचं. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि दोरा नेमका तिथेच कमजोर होतो.

गळाच्या १५ ते २० सेंमी वर शिशाचा बारीक मणी, त्याच्या वर सडपातळ बूच. बुचाचा सेंटिमीटरभर भागच पाण्यावर दिसेल इतकं शिसं लावायचं. जाडजूड बूच खाली ओढायला माशाला जोर लागतो, आणि जोर लागला की तो आमिष सोडतो. आमिष म्हणून तीन ते पाच सेंमीचा जिवंत मासा दोन्ही ओठांतून ओवतात.

क्रॅपीचे डोळे डोक्यावर उंच असतात. तो वर बघत खातो. खाली गेलेलं आमिष त्याला सहसा दिसत नाही. दीड मीटर पाण्यात गळ ६० सेंमीवर ठेवून सुरुवात करावी, मग १५-१५ सेंमी खाली न्यावं. बूच बुडण्याऐवजी अचानक आडवं पडलं, तरीही मासा लागलाय असं समजावं: आमिष तोंडात घेऊन तो वर आला, मणी उचलला गेला आणि बुचाखालचं वजन गेलं.

आता हिसका देऊ नये. चार मीटरच्या काठीवर मनगट फक्त १० अंश फिरलं तरी टोक ७० सेंमी हलतं, तेवढं पुरतं. दोरा ताणलेला ठेवून काठी उभी करत जावी. आडव्या काठीने मासा उचलू नये. दोन हातांत ४० सेंमी अंतर असेल आणि टोक पुढच्या हातापासून ३.६ मीटरवर असेल, तर ४०० ग्रॅमच्या माशासाठी मागच्या हाताला नऊपट, म्हणजे साडेतीन किलोंहून जास्त जोर लावावा लागतो. कोकणात बांबूने गरवणाऱ्यांच्या हातांना हा हिशोब ठाऊक असतो. मोठा मासा जाळीतच घ्यावा. अमेरिकेत परवाना आणि दिवसाला किती मासे घ्यायचे हे राज्यागणिक बदलतं, ते आधी पाहावं.

घरी आल्यावर बुडाचं झाकण काढून नळ्या मागून बाहेर घ्याव्या, पुसाव्या आणि सावलीत वाळवाव्या. वाळूचा एक कण सांध्यात राहिला तरी नळी चरते. सांधा अडकलाच तर टोक वर करून काठी उभी धरावी आणि बूड लाकडी फळीवर हलकेच आपटावं: बाहेरची नळी थांबते, आतली जडत्वाने खाली सरकते. तेही जमलं नाही तर रबरी हातमोजे घालून दोन्ही बाजू उलट दिशांना पिळाव्या. पकड लावली तर नळी चेपते. तेल घातलं तर सांधा लगेच सुटतो, पण पुढच्या वेळी मासा लागल्यावर तोच सांधा आत सरकतो.