दुर्गंध आणि पर्यावरणीय न्याय

शहराचा कचरा, मैलापाणी आणि कारखान्यांचे उत्सर्जन यांचा दुर्गंध कोणत्या वस्त्यांच्या माथी येतो आणि तो थांबवण्याची ताकद कोणाकडे असते, हा पर्यावरणीय न्यायाचा प्रश्न आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहराची पाहणी सुरू केली, तेव्हा महापालिकेचे पाचही कचराडेपो कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत आढळले. डेपोसाठी स्वस्त जमीन शोधली जाते, डेपो आला की ती आणखी स्वस्त होते आणि ज्यांना दुसरीकडे घर परवडत नाही तेच तिथे उरतात.

लंडनमध्ये थेम्सकाठच्या गरिबांनी सांडपाण्याचा वास वर्षानुवर्षे सोसला. १८५८ च्या कडक उन्हाळ्यात तो संसदेच्या दालनांत शिरला, वास मारण्यासाठी पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये (ब्लीचिंग पावडरीत) भिजवावे लागले आणि भुयारी गटारांसाठीचा कायदा त्याच उन्हाळ्यात मंजूर झाला.

दुर्गंधाची तक्रार सिद्ध करणे अवघड असते. रात्री जमीन थंड होते, वारा पडतो आणि वास जमिनीलगत साचून राहतो. माणसे उकाड्यातही खिडक्या लावून, दाराच्या फटीत ओले फडके कोंबून झोपतात. तपासनीस येतो दुपारी, तोवर वाऱ्याने सगळे पांगलेले असते. सतत त्याच वासात राहिल्याने नाकही बधिर होते. म्हणून ‘तुम्हाला सवय झाली असेल’ हे उत्तर अन्यायाचे आहे, कारण वास जाणवेनासा झाला तरी हवा तीच असते. डोकेदुखी, मळमळ, झोपमोड हे त्रास वायूचे प्रमाण विषारी पातळीच्या पुष्कळ खाली असतानाही होतात. सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड नाकाला अब्जात काही भाग एवढ्या प्रमाणातही कळतो.

त्यामुळे केवळ एकेका वायूची मर्यादा ठरवून भागत नाही. जपानने १९७१ मध्ये दुर्गंधासाठी स्वतंत्र कायदा केला आणि पुढे त्यात माणसाच्या नाकाने केलेली मोजणीही आणली. तीन पिशव्यांपैकी एकीत नमुन्याची हवा असते, ती परीक्षकांनी ओळखायची. नमुना विरळ करत नेऊन ती कुठवर ओळखता येते, यावरून वासाची तीव्रता ठरते.

मैलापाण्याच्या टाक्यांवर झाकणे, जैविक गाळण्या (ज्यांत सूक्ष्मजीव हवेतले वासाचे वायू खाऊन टाकतात), वस्तीपासून पुरेसे अंतर हे उपाय जुनेच आहेत. ते कुठे आधी होतात, हे बहुधा तक्रारींच्या संख्येवर ठरते. पण तक्रार करायला वेळ लागतो, अर्जाची भाषा यावी लागते, घरमालकाची भीती नसावी लागते. काही वस्त्यांतले लोक म्हणूनच वासाची तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा वहीत टिपून ठेवतात.