रिन्सलेस वॉश : खानदेशातील ट्रकताफ्यांची धुलाई

रिन्सलेस वॉश : वाहन धुतल्यावर त्यावर पुन्हा स्वच्छ पाणी न मारता, बादलीतल्या द्रावणात भिजवलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करण्याची पद्धत. मराठीत तिला ‘बिनविसळीची धुलाई’ म्हणता येईल. मोटारींसाठी रूढ झालेली ही पद्धत ट्रकांच्या ताफ्यालाही लावता येते. खानदेशात उन्हाळ्यात पाण्याची चणचण असते आणि धूळ बारमाही, म्हणून इथल्या मालकांनी तिचा विचार करायलाच हवा. मात्र ती कुठवर चालेल हे इथली माती ठरवते.

साध्या शाम्पूचा अंश अंगावर वाळला की डाग पडतात, म्हणून तो पाण्याने काढावा लागतो. रिन्सलेस औषधातले पॉलिमर धुळीच्या कणाला वेढून घेतात आणि कण व रंग यांच्यामध्ये बुळबुळीत थर धरतात. त्यामुळे कण रंगाला न ओरबाडता फडक्यात येतो आणि मागे उरलेला पातळ अंश पुसून टाकला तरी चालते. ‘ऑप्टिमम नो रिन्स’ या जुन्या औषधाचे प्रमाण १:२५६ आहे, म्हणजे २० लिटरच्या बादलीला सुमारे ८० मिलिलिटर. फेस जवळजवळ येत नाही. फेस आला म्हणजे मळ निघाला, ही समजूत पक्की असल्याने नवा माणूस हमखास आणखी औषध ओततो. त्याने मळ जास्त निघत नाही, काचेवर ओघळ मात्र राहतात.

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. त्यांवरून जाणाऱ्या गाड्यांचा मळ मालागणिक बदलतो. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या गाडीला चीक लागतो, जिनिंगच्या गाडीला रुईचे तंतू, जळगावच्या डाळ मिलच्या गाडीला भुसा. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रातून राख भरून निघणाऱ्या बल्करवर, म्हणजे बंद टाकीच्या ट्रकवर, त्या राखेचा थर असतो. राखेचे कण बारीक, गोल आणि काचेसारखे कठीण. त्यांवर सरळ ओले फडके फिरवणे म्हणजे रंगावर पॉलिश पेपर घासणे. आधी टायरला हवा भरतात त्या कॉम्प्रेसरने अंग झटकून घ्यावे लागते.

सगळ्यांत अवघड काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि धरली की सोडत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्याने कापूस किंवा केळी भरायला गेलेल्या गाडीच्या पाट्यांत (स्प्रिंगच्या पट्ट्यांत), मडगार्डांत आणि चाकांच्या आतल्या अंगाला बोट-बोट जाडीचा चिखल बसतो. तिथे ही पद्धत चालत नाही, आणि चालवूही नये. चेसिस, पाटे, ग्रीस लागलेले भाग हे प्रेशर पंपाचेच काम. म्हणून खानदेशात गाडीचे दोन भाग करावेत हे बरे : फाळक्याच्या (बॉडीच्या उघडत्या फळीच्या) खालच्या कडेपासून वर केबिन, काच, बॉडी, कंटेनर हे रिन्सलेसचे, तिच्या खालचे सगळे रॅम्पवरचे, तेही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. चेसिसवर डिझेल मारण्याची जुनी सवय या धुलाईत आणू नये. डिझेलचा हात लागलेले फडके पुन्हा काचेवर चालत नाही.

प्रत्यक्ष काम वरून खाली होते. हातपंपाच्या फवाऱ्याने तेच द्रावण केबिनच्या एका दारावर मारून दोन-तीन मिनिटे मुरू द्यावे. करड्या धुळीला गडद रंग येतो आणि ती ओघळू लागते. मग बादलीतले मायक्रोफायबर फडके हलके पिळून, दोनदा घडी घालून, न दाबता एकाच दिशेने ओढायचे. एका ओढीत फडक्यावर काळी पट्टी उमटते. ती बाजू तिथेच संपली. घडी उलटून दुसरी घ्यायची. अशा आठ बाजू मिळतात. आठही मळल्या की फडके बाजूच्या टोपलीत टाकायचे, बादलीत परत बुडवायचे नाही. बादलीतले पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहते ते याच शिस्तीमुळे. दारावर पेंटरने हाताने काढलेले मालकाचे नाव, वेलबुट्टी, फाळक्यावरची ‘हॉर्न ओके प्लीज’ची अक्षरे या इनॅमलच्या कडा सोललेल्या असतील, तर प्रेशरच्या पाण्याने पापुद्रे उडतात, फडक्याने ती टिकतात. माझ्या मते जुन्या, रंगवलेल्या ट्रकला ही पद्धत नव्या गाडीपेक्षा जास्त मानवते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला १५ लिटर टाकणारा पंप २० मिनिटे चालला तर ३०० लिटर जातात. ३२ फुटी कंटेनरच्या दोन्ही भिंती आठ फूट उंचीच्या धरल्या तर ५१२ चौरस फूट होतात. मागची दारे आणि केबिन मिळून काम सहाशेच्या पुढे जाते. फडक्याच्या एका बाजूत पाच-सहा चौरस फूट धरले तर १३ ते १५ फडकी आणि फवाऱ्यासकट दोन-तीन बादल्या पाणी लागेल. पाणी वाचते, पण हातांचे काम वाढते. शिडीवर चढून पुसणाऱ्या माणसाची मजुरी आणि सुरक्षितता न धरता केलेला बचतीचा हिशेब खोटा आहे.

वेळही पाळावी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या पत्र्यावर द्रावण मुरण्याआधीच वाळते, आणि विहीर-बोअरचे पाणी जड असेल तर पांढरे ठिपके पडतात. पहाटे किंवा शेडखाली, एका वेळी एकच पत्रा घ्यावा.

काही डाग या औषधाच्या आवाक्याबाहेरचे असतात. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की काळा पडतो आणि मग निघत नाही. म्हणून दिल्लीच्या आझादपूर मंडीत गाडी खाली झाली की किन्नरने, म्हणजे गाडीवरच्या क्लीनरने, तिथेच फवारा मारून पुसून घ्यावे. गाडी गावी परतेपर्यंत थांबू नये. डांबराच्या थेंबांना वेगळे सॉल्व्हंट लागते. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या मानकाच्या) गाड्यांत ॲडब्लूच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या, टाकीच्या झाकणाभोवती युरियाचे पांढरे खडे जमतात, ते मात्र ओल्या फडक्याने सहज विरघळतात. या गाड्यांच्या सेन्सर आणि वायरिंगच्या जोडांवर जोराचे पाणी मारायचे नसते, तिथेही फडकेच बरे.

उरलेले मळके पाणी थोडे असले तरी नाल्यात ओतू नये. गिरणा किंवा पांझरेच्या पात्रात गाडी उतरवून धुण्यात तेल आणि ग्रीस थेट नदीत जाते. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे आणि नदीत सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे.

ताफ्याला ही पद्धत लावायची तर फेऱ्यांचे वेळापत्रक हवे. थर पातळ असतानाच, दर आठवड्याला किंवा प्रत्येक लांबच्या फेरीनंतर पुसले तरच ती चालते. वर्षभर न धुता खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पूजेसाठी गाडी घासायला काढणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

फडकी वेगळी धुवावीत, साध्या डिटर्जंटने, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता. ग्रीसची फडकी त्यांत मिसळू नयेत. वाळवण्याची जागाही बघून निवडावी. जिनिंगच्या आवारात दोरीवर टाकलेले मायक्रोफायबर तासाभरात उडती रुई पकडते, आणि तेच फडके दुसऱ्या दिवशी काळ्या केबिनवर फिरवले की अंगभर पांढरे तंतू उरतात.