पल्ला सरकणं वेगळं, पल्ला उचलला जाणं वेगळं

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या भाड्याच्या घरातली हॉलची स्लायडिंग, म्हणजे सरकत्या पल्ल्यांची, खिडकी अडकायला लागली, म्हणून अॅल्युमिनियमचं काम करणारा माणूस बोलावला. त्याने पल्ला दोन्ही हातांनी धरून वर उचलला, खालची कड स्वतःकडे ओढली आणि काचेसकट अख्खा पल्ला भिंतीला टेकवून ठेवला. एकही स्क्रू काढावा लागला नाही. चाकं बदलली आणि तसाच परत बसवला. आमचं घर पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंगचा पत्रा. मी इतके दिवस रोज रात्री लॉक लावून निर्धास्त झोपत होते, ते लॉक कशाला अडवतं आणि कशाला नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

स्लायडिंगचा पल्ला बसवतात तो असा: वरची कड आधी वरच्या खाचेत खोल घुसवायची, मग खालची चाकं रुळावर सोडायची. म्हणजे वरच्या खाचेत मोकळी जागा ठेवावीच लागते, नाहीतर पल्ला बसणारच नाही. आणि ज्या वाटेने तो आत जातो, त्याच वाटेने बाहेर येतो. म्हणून अशा खिडकीला दोन वेगळे बंदोबस्त लागतात, एक आडव्या हालचालीचा आणि एक उभ्या. ‘लॉक आहे ना’ म्हणताना आपण हे दोन्ही एकच धरतो.

टच लॉक (पल्ल्याच्या कडेला असलेलं, चौकटीत अडकणारं) किंवा अर्धचंद्राचं लॉक (दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथलं, फिरवून लावायचं) मुख्यतः आडवी हालचाल थांबवतं. त्याचा हूक एका ठरावीक उंचीवर अडकलेला असतो. चाकं झिजली, पल्ला सैल झाला की पल्ला थोडा वर ढकलताच हूक सुटू शकतो. रुळात दांडी टाकायचा उपायही आडव्या हालचालीचाच. दांडी चांगलीच, पण पल्ला उचलणाऱ्याला ती काहीच करत नाही.

दांडीबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. दांडी टाकायला शिकवणाऱ्या परदेशी व्हिडिओंमधल्या दरवाज्यांत सहसा एक पल्ला पक्का असतो आणि एकच सरकतो. आपल्याकडच्या टू ट्रॅक, म्हणजे दोन रुळांच्या, खिडकीत दोन्ही सरकतात. खिडकी बंद असताना आतल्या पल्ल्याच्या रुळाचा मोकळा भाग घराच्या आत येतो, तिथे दांडी बसते. बाहेरच्या पल्ल्याच्या रुळाचा मोकळा भाग मात्र आतल्या पल्ल्याच्या पलीकडे, उघड्यावर असतो. तिथे दांडी टाकली तर ती बाहेरचा माणूस सहज उचलून घेईल. बाहेरच्या पल्ल्याला चौकटीत अडकणारं स्वतःचं लॉक हवं, नाहीतर दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथलं अर्धचंद्राचं लॉक धड हवं. ते ढिलं झालं असेल तर घरमालकाला आधी तेच बदलायला सांगा. मला हे दांडीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

दांडी लाकडी चालते, जाड पीव्हीसी पाइप चालतो, जुना पडद्याचा रॉडही चालतो. मोकळ्या जागेपेक्षा चार-पाच मिलिमीटरच आखूड कापायची आणि खाचेत दाटून बसेल इतकी जाड घ्यायची. बारीक दांडी पल्ल्याखालून निसटते. रुळाच्या चौकटीला पाणी जायला भोकं असतात, ती झाकू नका. झाकली तर जुलैत पाणी हॉलमध्ये येईल.

आता उचलण्याचं. तपासणी आतूनच करा आणि तीही आतल्या पल्ल्याची. दुसऱ्या कुणाला सोबत घ्या, कारण काच जड असते. बाहेरचा पल्ला हाताळायला फॅब्रिकेटरलाच, म्हणजे अॅल्युमिनियमचं काम करणाऱ्यालाच, बोलवा, तो सुटून खाली पडला तर जिवावर बेतेल. लॉक लावून पल्ला सरळ वर ढकला. किती वर जातो ते पाहा आणि रुळाची उंची मोजा. चाकं रुळाच्या वर येत असतील तर पल्ला निघू शकतो.

भोक न पाडता याला दोन उपाय आहेत. काही पल्ल्यांच्या खालच्या कडेला चाकं वरखाली करायचा स्क्रू असतो. तो फिरवून पल्ला थोडा वर घेतला की वरची फट कमी होते. सगळ्या खिडक्यांना ही सोय नसते. मग दुसरा उपाय: पल्ला सरकवून बाजूला न्यायचा, बंद असताना तो जिथे असतो तिथे वरच्या खाचेत कडक प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी दुहेरी टेपने चिकटवायची आणि पल्ला परत त्याखाली आणायचा. पट्टी फटीपेक्षा किंचित पातळ हवी, म्हणजे पल्ला सरकेल पण उचलला जाणार नाही. स्पंज नको, तो दाबला जातो.

खिडकीला ग्रिल असेल तर एवढी घाई नाही. बाल्कनीच्या स्लायडिंग दरवाज्याला ग्रिल सहसा नसतंच, तिथूनच सुरुवात करा. तिथली दांडी घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांनासुद्धा, अंधारात काढता आली पाहिजे. आग लागली तर तोच दरवाजा बाहेर पडायची वाट असू शकतो.

चौकटीत स्क्रू मारून पक्का अडसर बसवायचा असेल तर घरमालकाची परवानगी व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. 11 महिन्यांनी डिपॉझिट परत घेताना त्या दोन भोकांवरून वाद नको. टेपची पट्टी काढल्यावर राहिलेला चिकटा खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवला की पुसून निघतो.