हरित रुग्णालय (मराठवाडा)

हरित रुग्णालय म्हणजे पाणी, वीज, इंधन आणि साहित्य बेताने वापरणारे, कमीत कमी कचरा व विषारी द्रव्ये बाहेर सोडणारे, आणि दुष्काळात, कडक उन्हाळ्यात किंवा अतिवृष्टीतही बंद न पडणारे रुग्णालय. यातले शेवटचे कलम बहुतेक वेळा विसरले जाते. मराठवाड्यात मात्र तेच पहिले धरावे लागते. छतावर सौर पॅनेल आहेत, आवारात वृक्षारोपणाचा फलक आहे, पण मे महिन्यात प्रसूतिगृहाच्या नळाला पाणी नाही, अशा दवाखान्याला या भागातले कोणी हरित म्हणणार नाही.

जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा सुमारे ४.४ टक्के असल्याचा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. त्यातला मोठा हिस्सा दवाखान्याच्या जनरेटरचा नसून औषधे, उपकरणे आणि वापरून टाकायच्या वस्तूंच्या निर्मितीचा व वाहतुकीचा आहे. श्रीमंत देशांत या विषयाची सुरुवात कार्बनच्या हिशेबापासून होते ती यामुळे. आपल्याकडच्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाकडे असा ताळेबंद मागण्याआधी त्याला पाण्याचे मीटर बसवून द्यावे, हे जास्त शहाणपणाचे.

पाणी

मराठवाड्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतो. सरासरी पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक असून त्यात पाणी साठते ते फटींपुरते. म्हणून एका बोअरला धो धो पाणी लागते आणि पन्नास फुटांवरची दुसरी कोरडी जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत मिळून ५ लाख लिटर पाणी होते.

आता हा आकडा रुग्णालयाच्या गरजेशेजारी ठेवून पाहावा. भारतीय मानकाप्रमाणे १०० पर्यंत खाटांच्या रुग्णालयाला दर खाटेमागे रोज ३४० लिटर पाणी धरतात, त्याहून मोठ्याला ४५० लिटर. धुलाईचे पाणी यातच आले. म्हणजे ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला रोज १०,२०० लिटर, अर्थात एक टँकर. छत्रपती संभाजीनगरच्या १९५६ पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो, ते हजारावर खाटांचे आहे. या हिशेबाने त्याची एका दिवसाची गरज साडेचार लाख लिटरच्या वर जाते. लातूरच्या त्या पहिल्या गाडीने आणले, जवळजवळ तेवढेच. शिवाय हा हिशेब खाटांचा झाला. एक पेशंट शरीक (दाखल) केला की सोबत तीन माणसे येतात. त्यांचे हातपाय धुणे आणि डबे विसळणे कोणत्याच मानकात नाही.

छतावरचे पाणी साठवणे हा उपाय सगळेच सुचवतात. त्याचे गणितही मांडून बघण्यासारखे आहे. १,००० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ८० टक्के पाणी हाती लागले, तर वर्षाला ५ लाख ६० हजार लिटर मिळतात. आपल्या ३० खाटांना ते ५५ दिवस पुरेल. पाणीटंचाईचे दोन महिने निभावले तर ही काही लहान गोष्ट नाही. अट एवढीच, की ते पाणी झाकलेल्या टाकीत साठलेले हवे. बोअरमध्ये मुरवलेले पाणी या खडकात आपल्याच हाती परत येईल याची खात्री नसते. टाकीला जागा लागते, ती पायाखोदाईच्या वेळीच काढावी लागते. नंतर फरशी फोडून टाकी बांधायला कोणी तयार होत नाही.

सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित बचत डायलिसिस कक्षात आहे. डायलिसिस यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका बैठकीला १२० लिटर. हे पाणी आरओ यंत्रातून शुद्ध होऊन येते आणि शुद्ध करताना बरेचसे पाणी बाजूला टाकले जाते. बोअरचे पाणी जितके जड, तितके टाकाऊ पाणी जास्त. कक्षाच्या मागच्या भिंतीला गेलात तर एका निळ्या नळीतून हे पाणी अखंड गटारात पडताना दिसते. खाली सिमेंटवर पांढरा क्षाराचा थर साचलेला असतो. आरओने बाजूला टाकलेल्या या पाण्याला रक्ताचा स्पर्शही झालेला नसतो, कारण ते यंत्राच्या अलीकडचे आहे. त्यात फक्त क्षार जास्त. संडासच्या टाक्या भरायला, फरशी पुसायला ते चालते. पाच यंत्रे तीन पाळ्यांत चालली की रोज १,८०० लिटर शुद्ध पाणी लागते आणि टाकाऊ पाणीही त्याच्या जवळपास जाऊ शकते. ते वापरायला हवी एक प्लास्टिकची टाकी, एक अर्धा अश्वशक्तीची मोटार आणि संडासला जाणारा वेगळा पाइप. मोटार आणि टाकी कधीही आणता येते. अडते ते वेगळ्या पाइपपाशी, कारण मूळ नकाशात सगळ्या इमारतीला एकच पाइपलाइन दाखवलेली असते.

धुलाईच्या बाबतीत प्रश्न इतका सरळ नाही. ऑपरेशनचे कापडी झगे आणि चादरी पुन्हा पुन्हा धुऊन, निर्जंतुक करून वापरणे एकूण हिशेबात पर्यावरणाला हलके पडते, असे बाहेरचे अभ्यास सांगतात. वापरून फेकायचा झगा बनवायलाही पाणी लागतेच, पण ते कारखान्याच्या गावचे. धुलाईचे पाणी आपल्या टँकरचे. टंचाईच्या दोन महिन्यांत फेकायचे आणि एरवी कापडी, अशी तडजोड करणाऱ्याला नावे ठेवू नयेत.

इमारत

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांना जाड दगडी भिंती आणि वर मातीचे माळवद असे. भर दुपारी आत शिरले की अंगावर गारवा येई. त्याच माळवदांनी आणि दगडमातीच्या भिंतींनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गाडली. त्यानंतर जाड भिंतींवरचा विश्वास उडाला तो उडालाच, आणि सगळीकडे सिमेंटचे पातळ स्लॅब आले. ‘पूर्वीसारखे बांधा’ हा सल्ला देणाऱ्याने ही आठवण ठेवावी. भूकंपाला टिकणारा काँक्रीटचा सांगाडा आणि त्यात उष्णता अडवणाऱ्या हलक्या विटा, हा त्यातला मार्ग आहे. औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून अशा विटा होतात आणि परळीला राखेची कमतरता नाही.

उघड्या स्लॅबखालचा वरचा मजला उन्हाळ्यात सर्वांत जास्त तापतो. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एका रुग्णालयात उष्म्याने आजारी पडलेली नवजात बाळे दाखल होऊ लागली, तेव्हा वरच्या मजल्यावरचा प्रसूती कक्ष खाली हलवण्यात आला आणि असे दाखल होणे कमी झाले. बाळंतिणीचा कक्ष खाली आणि कार्यालय वर, एवढा बदल नकाशावर फुकट होतो. तापमान चाळिशीपार जाणाऱ्या या भागात लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवणे, पश्चिमेला जिने आणि भांडार घेणे, छताला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग देणे, या गोष्टीही तशाच स्वस्त आहेत.

समोरासमोरच्या खिडक्या असतील तर वीज वाचते आणि क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या आजारांचा धोकाही कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा सांगितली आहे. काचेची बंद दर्शनी भिंत आणि आत खिडकी एसी, अशा नव्या धाटणीच्या खासगी इमारतींत हे प्रमाण गाठणे अवघड असते.

वीज

मराठवाड्यात वीज वाचवणे म्हणजे पाणी वाचवणेही आहे. जुलै २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. ऊन भरपूर असल्याने प्राथमिक आरोग्य केंद्राला सौर वीज चांगली मानवते: लसींचे फ्रीज २ ते ८ अंशांत राहते, रात्री बाळंतपण चालू असताना लाईट गेली तरी अंधार होत नाही. अडचण देखभालीची आहे. शेतातून उडणारी काळ्या मातीची धूळ पॅनेलवर बसते आणि ती धुवायला पुन्हा पाणी. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकायचे कोणी, हे ठरलेले नसले की दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते. पॅनेल मात्र छतावर चमकत राहतात, म्हणून पाहणीत सगळे ठीक दिसते. कोविडच्या काळात बसवलेली हवेतून प्राणवायू काढणारी संयंत्रे कंप्रेसरवर चालतात आणि भरपूर वीज खातात. मागणीचा हिशेब करताना तीही धरावी लागतात.

कचरा

रुग्णालयाच्या कचऱ्यातला सुमारे ८५ टक्के भाग घरातल्या कचऱ्यासारखाच असतो आणि सुमारे १५ टक्के घातक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन्ही एकत्र झाले की सगळाच घातक होतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार रंग ठरवले. हे कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात एक इंजेक्शन दिल्यावर सिस्टरच्या हातात पाच वस्तू उरतात. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, रक्त लागलेला बोळा पिवळ्यात, औषधाची काचेची कुपी निळ्यात आणि सिरिंजचे कोरे वेष्टन साध्या कचऱ्यात. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक मावशी असतील, तर पहाटेपर्यंत पिवळ्या पिशवीत चहाचे कप सापडतातच. त्याला बेशिस्त म्हणण्यापेक्षा डब्यांची जागा चुकली म्हणावे. डबे वॉर्डाच्या टोकाला ठेवण्याऐवजी इंजेक्शनच्या ट्रॉलीवर असतील तर चूक निम्म्या वाटेवरच थांबते.

पिवळी पिशवी भट्टीत जाते. तीत क्लोरीनयुक्त प्लास्टिक गेले तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, म्हणून अशा पिशव्या व हातमोजे बंद करण्याची तरतूद नियमांतच आहे. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त साठवता येत नाही, आणि ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर रुग्णालयाला स्वतःची भट्टी उभारता येत नाही. मोठ्या शहरांत हे जमते. आडवळणाच्या आरोग्य केंद्रात गाडी दर दोन दिवसांनी येते की नाही, यावर सगळे अवलंबून. उपकेंद्राचा आणि लसीकरण सत्राचा कचरा आधी आरोग्य केंद्रात आणावा लागतो आणि तो बहुधा आशाताईंच्या किंवा एएनएमच्या (उपकेंद्राच्या परिचारिकेच्या) दुचाकीवरून येतो.

पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपीचे यंत्र पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानंतर मागे पडत चालले आहे. भारताने २०१८ मध्ये या कराराला मान्यता दिली. जुनी यंत्रे कपाटात पडून असतात. ती भंगारात न देता वेगळी साठवून धोकादायक कचरा म्हणून सोपवणे आवश्यक असते.

भुलीच्या वायूंपैकी डेसफ्लुरेन हवामानाला सर्वांत घातक. वजनास वजन धरले तर त्याचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पटींच्या आसपास आहे. आपल्या सरकारी दवाखान्यांत सिझेरियन बहुतेक पाठीत इंजेक्शन देऊन होते, त्यामुळे हा भार आपोआपच कमी राहतो. नायट्रस ऑक्साइड या दुसऱ्या भुलीच्या वायूच्या गळक्या पाइपलाइनकडे मात्र लक्ष हवे.

नियोजन आणि धोरण

केंद्राचा हवामान बदल व मानवी आरोग्य कार्यक्रम २०१९ पासून आहे. स्वच्छतेसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या कायाकल्प योजनेत पुढे पर्यावरणस्नेही आवाराचे गुणही आले. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी आहे, त्यामुळे लहान ग्रामीण रुग्णालये तिच्या कक्षेबाहेर राहू शकतात. कायाकल्पचा उपयोग खरा आहे, कारण गुण मिळाले की पैसे मिळतात. तोटाही तिथेच: पाहणीच्या महिन्यात कुंड्या येतात.

खरी अडचण खात्यांच्या वाटणीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल (जिल्हा रुग्णालय) आरोग्य खात्याचे, घाटी किंवा अंबाजोगाईचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे. मोठ्या इमारती बहुतेक सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो आणि बिल मात्र वापरणारा भरतो. स्वस्त खिडकी बसवणाऱ्याला महाग बिल येत नाही. निविदेत फक्त बांधकामाचा खर्च न पाहता १५ वर्षांचा वीज-पाण्याचा खर्च धरला, तर दुहेरी पाइपलाइन आणि पावसाच्या पाण्याची टाकी आपोआप स्वस्त ठरतील. तसेच यंत्राच्या खरेदीत देखभालीचा करार अनिवार्य हवा. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून वस्तू घेता येते, पण ती चालू ठेवायचा खर्च कुठून, याचे उत्तर रुग्ण कल्याण समितीच्या तुटपुंज्या रकमेत शोधावे लागते.

आवाराबद्दल एक बारीक गोष्ट. दर्शनी भागात हिरवळ लावण्याची हौस सरकारी आणि खासगी दोन्हीकडे आहे. त्या हिरवळीला रोज जे पाणी लागते, त्याच्या थोड्याशा भागात कडुनिंब आणि करंज जगतात. त्यांच्या सावलीत पेशंटसोबतची माणसे दुपार काढतात. हिरवळीवर तर त्यांना बसूही देत नाहीत.

रुग्णाचा प्रवासही हरित रुग्णालयाच्या हिशेबात येतो. ‘पुढे न्या’ असे सांगितले की उदगीर, कंधार, भूम, सेनगावकडची जीप सिव्हिलला, तिथून घाटीला किंवा थेट हैदराबाद-सोलापूरला निघते. डायलिसिसवरच्या माणसाला तर आठवड्यातून दोन-तीनदा हेच करावे लागते. उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिसची यंत्रे आली की त्याचे डिझेल, मजुरी आणि दिवस वाचतो. त्या रुग्णालयाचा पाण्याचा खर्च मात्र वाढतो, म्हणून यंत्रांचा प्रस्ताव लिहितानाच त्यात आरओच्या टाकाऊ पाण्याची टाकी आणि वेगळ्या पाइपची ओळ घालावी लागते.